आरमारप्रमुखाची निवृत्ति आणि कास्तकाराचें उतारवय

आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या एका अंगास पैनगंगा व दुसऱ्या अंगास वर्धा वाहते. समुद्र येथून फार दूर. तरीही आमच्या खेड्यांतील तरुण सैन्याच्या व आरमाराच्या भरतीस जातात, आणि नोकरीचीं वर्षें संपल्यावर त्यांतील कित्येक पुन्हां वडिलोपार्जित शेताकडेच वळतात. म्हणून भारतीय आरमाराच्या एका प्रमुखानें चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर शेती कशी पत्करली, व त्या उदाहरणापासून कोरडवाहू कास्तकारानें कितपत घ्यावें, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांचा जन्म ५ सप्टेंबर १९३३ रोजीं मुंबईस माटुंगा येथें झाला. १९४९ सालीं ते डेहराडूनच्या सैनिकी विद्यालयांत दाखल झाले आणि १९५३ सालीं त्यांस आरमारांत अधिकारपद मिळालें. त्या वेळीं आरमाराचा प्रमुख इंग्रजच असे. पहिले भारतीय प्रमुख रामदास कटारी हे १९५८ सालीं झाले. पुढें त्यांची कन्या ललिता ह्यांच्याशीं ह्या तरुण अधिकाऱ्याचा विवाह झाला.

१९७१ च्या युद्धांत 'ब्यास' ही लढाऊ नौका त्यांच्या हाताखालीं होती. 'विक्रांत' ह्या विमानवाहू नौकेबरोबर तिनें बंगालच्या उपसागरांत पूर्व पाकिस्तानच्या बंदरांची नाकेबंदी केली. समुद्रमार्गें येणारी कुमक व पळून जाण्याची वाट, दोन्ही बंद झाल्यानें ढाक्यांतील शरणागति लवकर आली. ह्या कामगिरीबद्दल त्यांस वीरचक्र मिळालें. १९९० च्या नोव्हेंबरअखेर ते नौदलप्रमुख झाले आणि सप्टेंबर १९९३ अखेर निवृत्त झाले. त्यांच्याच कारकीर्दींत, १९९२ सालीं, आरमारांत स्त्री अधिकाऱ्यांस प्रवेश मिळाला.

मोठ्या हुद्द्यावरून उतरलेला मनुष्य सहसा शहर सोडीत नाहीं. रामदास दांपत्यानें मात्र रायगड जिल्ह्यांतील अलिबाग तालुक्यांत भायमळा ह्या खेड्यांत घर केलें व रासायनिक खतांवांचून शेती आरंभिली. (जहाज उभें करावयाचें साधन व जमीन उकरावयाचें साधन, दोहोंसही मराठींत नांगरच म्हणतात!) हें खेडें कान्होजी आंग्र्यांच्या किनाऱ्यालगतचें. रायगड जिल्ह्यांतील सुपीक जमिनी विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं जाण्याचा प्रसंग आला तेव्हां ते शेतकऱ्यांच्या बाजूस उभे राहिले. ह्याच प्रश्नावर सप्टेंबर २००८ मध्यें पेण तालुक्यांतील २२ गांवांनीं मतदान केलें होतें. पाकिस्तानाशीं सलोखा व अण्वस्त्रांस विरोध हीं त्यांचीं मतें सर्वांस रुचलीं नाहींत. पण युद्ध पाहिलेल्या मनुष्याचीं तीं मतें होतीं हें विसरूं नये. २००४ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. १५ मार्च २०२४ रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षानंतर, त्यांचें निधन झालें.

असें चरित्र वाचून व्याख्याते म्हणूं लागतात कीं, "पहा, एवढा मोठा अधिकारी सेंद्रिय शेती करतो, मग तुम्हीं कां करूं नये?" हा प्रश्न आम्हांस अर्धवट वाटतो. अलिबागेस वर्षाकाठीं २००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आमच्याकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास, तोही बेभरंवशाचा. ही झाली निसर्गाची गोष्ट. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. रासायनिक पद्धति सोडून सेंद्रिय प्रमाणपत्र मिळविण्यास हंगामी पिकांना निदान दोन वर्षें व फळबागेस तीन वर्षें लागतात. त्या काळांत उत्पन्न बहुधा घटतें आणि माल सेंद्रिय म्हणून विकतांही येत नाहीं. अधिकाऱ्याचीं हीं वर्षें पेन्शन निभावून नेतें. कापूस व तुरीवर संसार चालविणाऱ्या आणि पेरणीपूर्वींच पीककर्ज उचललेल्या कास्तकाराचीं हीं वर्षें कोण निभावणार? त्यानें हा प्रयोग एखाद्या एकरावर करावा, सबंध वावरावर करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आरमारांतील साध्या खलाशास देखील पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन मिळत असे व महागाईबरोबर तें वाढे. तिशी ओलांडून गांवीं आलेल्या अशा माणसास विहीर खणण्याचें किंवा नवें पीक करून पाहण्याचें धैर्य होई तें ह्या दरमहाच्या पैशामुळें. १९२२ नव्हे, २०२२ सालच्या अग्निपथ योजनेनें हा क्रम बदलला. चार वर्षांनंतर चौघांपैकीं फार तर एक जण नोकरींत राहतो. इतर तिघे सुमारें ११ लक्ष ७१ हजार रुपये घेऊन परततात, आणि पेन्शन नाहीं. ज्या घरचा मुलगा असा परत यावयाचा आहे त्या घरानें ही रक्कम लग्नांत किंवा मोटारसायकलींत जाण्यापूर्वीं तिचा कांहीं भाग विहिरीस व ठिबकास राखून ठेवावा.

खुद्द शेतकऱ्यास निवृत्तीची तारीख नसते. २०१९ सालीं केंद्र सरकारनें काढलेल्या किसान मानधन योजनेंत साठीनंतर दरमहा ३००० रुपये देण्याची तरतूद आहे. पण दोन हेक्टरांपर्यंत जमीन असलेल्या व १८ ते ४० वयाच्या शेतकऱ्यांसच तींत नांव घालतां येतें. म्हणजे योजना निघाली तेव्हां ज्यांनीं चाळिशी ओलांडली होती, त्यांस तिचा कांहीं उपयोग नाहीं. आणि रकमेस महागाईची जोड नाहीं. तरीही तरुण सभासदांनीं ती अव्हेरूं नये. वर्गणी वयाप्रमाणें दरमहा ५५ ते २०० रुपये असून तितकीच भर सरकार घालतें. नांवनोंदणीसाठीं आधारपत्र व बँकेचें पासबुक घेऊन सेवाकेंद्रावर जावें लागतें.