भेंडीचा हळद्या आणि प्रतिकार

आता महाड-पोलादपूरकडच्या परसातली भेंडी घ्या. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग आख्खं पान. हाच हळद्या. विषाणू पसरवते पांढरी माशी. फवारणीने माशी मरेल, झाडात शिरलेला विषाणू नाही. रोगट झाड उपटायचं, बस.

दिल्लीची 'पुसा सावनी' एकेकाळी या रोगाला दाद देत नव्हती. पुढे बळी पडू लागली. मग परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी तिचा एका रानटी भेंडीशी संकर करून 'परभणी क्रांती' काढली. आता तिच्यावरही हळद्या दिसतो. म्हणजे प्रतिकार हा बियाण्याचा गुण नव्हे, बियाणं आणि विषाणू यांच्यातला संबंध आहे. (तत्त्वज्ञानवाल्याला हा फरक आवडणारच!) विषाणू बदलला की संबंध बदलतो. म्हणून पाकिटावरच्या 'रोगप्रतिकारक' या शब्दावर जाऊ नका. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीत ती जात कशी टिकली, ते विचारून घ्या.