अक्षता, निकाह की पंचशील? कायद्याच्या नजरेत लग्न कधी लागतं?

जालना जिल्ह्यातलं राजूर म्हटलं की आधी आठवतो राजुरेश्वर गणपती. घरात लग्न ठरलं की पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवायची, ही महाराष्ट्रातली जुनी पद्धत. पण पत्रिका छापली, मांडव पडला, अक्षता उधळल्या, म्हणजे कायद्याने लग्न झालं का?

उत्तर जरा वेगळं आहे. लग्नाच्या पद्धतीनुसार ते बदलतं.

अक्षता पडल्या, पुढे काय?

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याचं कलम ७ सांगतं की वर किंवा वधू, दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाले पाहिजेत. त्या विधींत सप्तपदी असेल, तर सातवं पाऊल पडल्यावरच लग्न पूर्ण होतं. गंमत म्हणजे मंगलाष्टकं संपली की पाहुणे पंगतीला पळतात आणि सप्तपदी होते ती जवळपास रिकाम्या मांडवात!

भटजी नसेल तर?

तरीही लग्न होतं. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. पुरोहित नाही, मंगलाष्टकं मराठीत. त्यात वधू स्त्रियांचे हक्क मागते आणि वर ते देण्याचं वचन देतो.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात बौद्ध पद्धतीची लग्नंही रुजली. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर त्रिशरण-पंचशील, मग प्रतिज्ञा आणि हार. या लग्नांनाही हिंदू विवाह कायदाच लागू होतो. जैन आणि शीख लग्नांचंही तसंच.

मुस्लिम निकाह हा करार असतो. एका बाजूने प्रस्ताव, दुसऱ्या बाजूने 'कबूल', साक्षीदार आणि वधूचा हक्क असलेली मेहर. हे सगळं निकाहनाम्यात लिहिलं जातं.

धर्म वेगळे असतील किंवा विधीच नको असतील, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात.

विधी झाला नाही, तर अडतं कुठे?

१९६५ सालचा भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र सरकार हा खटला बघा. पहिली पत्नी असताना 'गांधर्व' पद्धतीने दुसरं लग्न केल्याचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आवश्यक विधी झाल्याचं किंवा ते वगळण्याची रूढी असल्याचं सिद्ध झालेलं नाही. दुसरं लग्नच सिद्ध झालं नाही, त्यामुळे द्विभार्येचा गुन्हाही उभा राहिला नाही.

म्हणजे विधी अर्धवट राहिला की फायदा फसवणाऱ्याला होऊ शकतो. पोटगी, वारसा, पेन्शन, रेशनकार्डावरचं नाव मिळवताना लग्न सिद्ध करायची वेळ बहुतेकदा बाईवरच येते.

मग नुसती नोंदणी केली तर?

तेही पुरत नाही. विधी न करता फक्त प्रमाणपत्र घेतलं, तर हिंदू विवाह कायद्याखाली ते लग्न ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. उलट बाजूने, विधी झाले पण नोंदणी राहिली, म्हणून लग्न रद्द होत नाही. थोडक्यात, विधीने लग्न लागतं आणि कागदाने ते सिद्ध होतं.

महाराष्ट्रात नोंदणीसाठी १९९८ चा कायदा आहे. गावात हे काम ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) करतात. लग्नाचे फोटो, पत्रिका, वयाचे पुरावे जपून ठेवले तर धावपळ कमी होते.

आणि वय?

पद्धत कोणतीही असो, बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा हवा. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. असा बालविवाह आपोआप रद्द होत नाही. अल्पवयीन असताना लग्न झालेली व्यक्ती सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत न्यायालयातून ते रद्द करून घेऊ शकते.

गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारीही ग्रामपंचायत अधिकाऱ्यावरच असते. तक्रारीसाठी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे. तुमच्या ओळखीत कुठे लग्न ठरलं असेल, तर ही माहिती मांडव पडायच्या आधीच पाठवा.