लाकडाचं भेदरं, तीन विटांची चूल

आमच्या घरी सध्या दिवसातून पाच वेळा स्वयंपाक होतो. त्यातला तीन वेळचा आमची सव्वादोन वर्षांची नात करते. ओसरीच्या कोपऱ्यात तीन विटा, त्यांवर वाटीएवढा गंज म्हणजे पातेलं, हातात सराटा म्हणजे उलथणं. भात शिजतो, ताटली माझ्यापुढे येते आणि हुकूम सुटतो, "आजी, फुंक!" ताटलीत काही नसतं. तरी मी फुंकते, कारण न फुंकता घास उचलला तर ती ताटली काढून घेते. गरम आहे ना!

मागच्या आठवड्यात मी दोन रिकामे कप पुढे ठेवले. किटलीतून दोन्हींत नुसतंच "पाणी" ओतलं. मग एक कप उपडा केला, झटकला आणि पुन्हा सरळ ठेवला. "कोणता भरायचा गं?" तिने क्षणभरही न थांबता झटकलेला कप पुढे सरकवला. खरं म्हणजे दोन्ही कप सुरुवातीपासून कोरडेच होते. ॲलन लेस्ली या मानसशास्त्रज्ञाने दोन-अडीच वर्षांच्या मुलांबरोबर नेमका हाच खेळ मांडला होता आणि ती मुलंही चुकली नव्हती. जे पाणी नाहीच, ते सांडलं याचा हिशोब एवढंसं लेकरू डोक्यात ठेवतं, आणि खरोखरचं पाणी कुठे आहे हेही विसरत नाही. तहान लागली की आमची नात त्या कपाकडे बघतही नाही, थेट माठाकडे जाते.

पिझ्झ्याचा पंखा झाला

नातीच्या वाढदिवसाला शहरातून प्लास्टिकचं स्वयंपाकघर आलं. त्यात पिझ्झ्याचे सहा तुकडे, बर्गर, डोनट आणि आणखी काही पदार्थ होते, ज्यांची नावं मलाही खोक्यावर वाचावी लागली. तिने तिकोनी पिझ्झा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि चुलीपुढे बसून वारा घालायला लागली. विस्तव फुलवायला आमच्याकडे पुठ्ठ्याचा तुकडा असतो, त्याचा आकार तसाच! डोनट बाहुलीच्या हातात बांगडी म्हणून गेलं. बर्गर तेवढा पडून राहिला.

मला त्या दिवशी एक गोष्ट लख्ख कळली. या वयाचं मूल खेळात तेच शिजवतं, जे त्याने शिजताना पाहिलंय. म्हणून भातुकलीची खरेदी दुकानातल्या खोक्यावरून न करता आपल्या चुलीवरून करावी.

आता आमच्या गडचिरोलीतल्या आलापल्लीची चूल म्हणजे काय? इथून एक रस्ता चंद्रपूरला जातो, एक सिरोंचाला, एक भामरागडला, एक एटापल्लीला, आणि प्रत्येक रस्त्याने एकेक चव गावात आलेली आहे. भात तर हवाच. त्याच्या जोडीला तरोट्याची भाजी, पावसाळ्यात वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, कुड्याच्या फुलांची भाजी, उन्हाळ्यात टेंभरं आणि चारं. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, चार म्हणजे तेच फळ, ज्याच्या बीमधली चारोळी तुमच्या श्रीखंडावर असते. ही सगळी मंडळी कुठल्याही खेळण्याच्या दुकानात मिळत नाहीत. वास्ते करायला पांढऱ्या कापडाची गुंडाळी पुरते. तरोट्याला हिरव्या कापडाचे कपटे. भात म्हणून पांढऱ्या लोकरीचे दोन गोंडे. आमचा मेनू एका दुपारी तयार झाला.

टोपलीतला शब्दकोश

खोट्या भाजीची सगळ्यात मोठी कमाई म्हणजे शब्द. आणि आमच्या भागात त्या टोपलीत केवढी श्रीमंती आहे! टमाटर म्हणजे भेदरं. कोथिंबीर म्हणजे सांबार. (लग्न होऊन पश्चिम महाराष्ट्रात गेलेल्या आमच्या मुली पहिल्या दिवशी "भाजीत सांबार टाकू का?" विचारतात आणि सासरचे डोसा शोधायला लागतात.) चवळीच्या शेंगा म्हणजे बरबटी, बटाटा म्हणजे आलू, विळी म्हणजे पावशी, पातेलं म्हणजे गंज, उलथणं म्हणजे सराटा. शेजारच्या तेलुगू काकू वांग्याला वंकाय म्हणतात. माडिया आदिवासींच्या घरातल्या पोराला पाणी हवं असेल तर ते येर मागतं. आमची नात आता पाणी आणि येर दोन्ही म्हणते. कुणाकडे काय म्हणायचं हेही तिला बरोबर कळतं.

म्हणून माझा आग्रह असा, की भाजीची टोपली घेताना रंग आणि आकार ओळखू येतील अशी मोजकी फळं-भाज्या घ्याव्यात आणि त्यांना घरात जे नाव आहे तेच द्यावं. "टोमॅटो" शाळा शिकवेलच. भेदरं शिकवायला आजीच लागते.

शब्दावरून आठवलं. "भातुकली" या शब्दाच्या पोटात जुन्या मराठीतलं "भातुकें" आहे, म्हणजे लेकरांचा खाऊ. पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ खाऊच्याच नावाने ओळखला गेला. खेळ तर त्या शब्दाहूनही जुना असावा: हडप्पा संस्कृतीच्या उत्खननांत भाजक्या मातीच्या खेळण्यांतल्या गाड्यांबरोबर इवलीइवली भांडीही निघाली आहेत. पुण्याच्या विलास करंदीकरांनी भातुकलीच्या हजारो वस्तू जमवल्या आणि गावोगावी त्यांची प्रदर्शनं भरवली. जातं, पाटा-वरवंटा, बंब, घंगाळ, सगळं बोटभर. त्यातली कितीतरी मूळ भांडी आता मोठ्या स्वयंपाकघरांतून गेली, भातुकलीत मात्र टिकली.

चार वस्तू पुरे

अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ३६ लहान मुलं, वयं साधारण दीड ते अडीच वर्षं. एकदा प्रत्येकाला चार खेळण्यांबरोबर सोडलं, एकदा सोळा खेळण्यांबरोबर. चार खेळणी असताना मुलं एकेका खेळण्यापाशी जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली.

मी त्या प्लास्टिकच्या स्वयंपाकघराचं पन्नास नगांचं खोकं माळ्यावर टाकलं. खाली ठेवलं फक्त एक गंज, एक सराटा, एक ताटली आणि भाज्यांची टोपली. दर पंधरा दिवसांनी टोपलीतली एखादी भाजी बदलते. जुनी भाजी परत आली की नातीला "नवीन आली!" म्हणून केवढा आनंद होतो.

सागवान देवाला, कुडा लेकराला

आता लाकडाचं बोलू, कारण आलापल्लीत राहून लाकडाचं न बोलणं शक्य नाही. आमचं 'वनवैभव' नावाचं जंगल हे महाराष्ट्रातलं पहिलं जैविक वारसा स्थळ, २०१४ साली जाहीर झालं. सहा हेक्टरांचाच तुकडा, पण तिथल्या सागाचा शेंडा बघताना मान दुखते. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलंच, मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून वाजतगाजत रवाना झालं.

पण खेळणं करणारा कारागीर सागाकडे वळत नाही! त्याला हवं असतं हलकं, मऊ, पांढरट लाकूड. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची प्रसिद्ध खेळणी ज्या झाडाची होतात तो आपला काळा कुडा, आमच्या जंगलात लाकडासाठी कुणी वळूनही पाहत नाही असं झाड. आंध्रातल्या एटिकोप्पाकाची खेळणीही त्याचीच. सावंतवाडीत पारंपरिक पसंती पांगाऱ्याला. आणि प्राणहिता नदीपलीकडे तेलंगणात निर्मलचे कारागीर पोणिकी नावाच्या झाडाचं लाकूड घेतात. ते इतकं हलकं असतं की लाकडाचा आंबा हातात घेतला की आत पोकळ आहे की काय असं वाटतं.

निर्मलची फळं-भाज्या म्हणजे बघत राहावं अशी वस्तू. लाकूड कोरायचं, सांधे भरायला चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा एकत्र करून लावायचा, वरून पांढरा लेप आणि मग रंग. वांग्याच्या देठाशी जो हिरवा-जांभळा उतार असतो तोसुद्धा कारागीर ब्रशने उतरवतो. पाहुणे खरी समजून उचलतात.

तरीही तोंडात सगळं घालणाऱ्या लेकरासाठी मी लाखेचा रंग दिलेलं खेळणंच निवडेन. लाख आमच्याच पळसावर, कुसुमावर वाढणाऱ्या किड्याची. चन्नपट्टणला लाकूड यंत्रावर गरगर फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घासण्याच्या उष्णतेनेच लाख वितळून लाकडावर चढते, मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. ब्रश नाही, थिनर नाही. कुडा आमचा, पळस आमचा, कुसुम आमचा, आणि खेळणं मात्र हजार किलोमीटरवरून यायचं! आलापल्लीत एखादा लाकूड फिरवणारा पोरगा हे काम शिकला, तर पहिली ऑर्डर माझी.

लाकडी खेळणं विदर्भाला काही नवं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, पोरं लाकडी नंदी घेऊन दारोदार फिरतात. नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला असं सांगतात. नंदी आहेच घरी, तर त्याच्यापुढे नातीने गंज ठेवला. नंदीने भात खाल्ला.

जपानी ऑम्लेट

खोटं अन्न हा मोठ्या माणसांचाही धंदा आहे. जपानमध्ये हॉटेलांच्या काचेत हुबेहूब नकली पदार्थ मांडलेले असतात. ताकिझो इवासाकी नावाच्या माणसाने १९३२ साली ओसाकात मेणाच्या पदार्थांचा कारखाना काढला. त्याचं नावाजलेलं पहिलं काम होतं मेणाचं ऑम्लेट. त्याचं गाव गुजो हाचिमान आजही या कलेचं माहेरघर आहे.

पण सव्वादोन वर्षांच्या पोरीला एवढं हुबेहूब नकोच. खरं वाटलं की ती चावते. ओळखू येईल आणि तरीही खाण्याचं नाही हे कळेल, अशा मधल्या जागेवरची भाजी बरी. कापडाची पोळी त्या जागेवर अगदी चपखल बसते.

इथे मात्र थांबून वाचा

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची कसोटी एका नळकांड्याने घेतात. त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर, साधारण लहानग्याच्या घशाचा अंदाज. जो भाग त्यात पूर्ण मावतो, तो धोक्याचा. घरी नळकांडं नसतं, दहा रुपयांचं नाणं असतं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर. नाण्याएवढं किंवा त्याहून थोडंसंच मोठं काहीही भातुकलीत नको. गोल वस्तू तर लिंबाहून लहान नकोच, कारण गोल वस्तू घशात बुचासारखी बसते. चुंबकाने जोडलेली कापायची फळं मिळतात. चुंबक निघून दोन गिळले गेले तर ते आतड्याच्या घड्या मधे धरून एकमेकांना चिकटतात. आवाज करणाऱ्या शेगडीतलं बटणाएवढा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत भाजल्यासारखी जखम करतो. सेलचा कप्पा स्क्रूने बंद होत नसेल तर ती शेगडी घेऊच नका.

१ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. नोंदणीकृत हस्तकलाकारांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, म्हणून निर्मल किंवा चन्नपट्टणच्या वस्तूवर खूण नसली तर दचकू नका. कडा, रंग आणि आकार मात्र स्वतःच्या हाताने तपासा.

आणि आमच्या जंगलातल्या आयांना हात जोडून एक सांगणं. भातुकलीत "डाळ" म्हणून पोरं बिया गोळा करतात. लाल-काळी गुंज दिसायला किती देखणी! सोनार तिने सोनं तोलायचे. पण ती फुटून किंवा चावून पोटात गेली तर जीवघेणी आहे. एरंडी, चंद्रजोत आणि धोतरा यांच्या बियाही विषारीच. चंद्रजोतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून पोरांनी खाल्ल्या आणि दवाखान्यात भरती झाली, असं विदर्भात पुन्हापुन्हा घडतं. मोठ्या पोरांच्या खिशांत काय आहे ते रोज संध्याकाळी बघा. धाकटी त्यांच्याच हातचं खाते.

तुंबा, सूप, पत्रावळ

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालवाड्या सुरू केल्या, पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला. माँटेसोरीची महागडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, दगड यांतूनच साधनं उभी केली. मला हा धागा फार जवळचा वाटतो.

आमच्या ओसरीवर आता एक हातभर सूप आहे, बुरडाकडून मुद्दाम लहान करून घेतलेलं. कडेचा वेत त्याने दोनदा फिरवून आत दाबला, पोरीच्या बोटाला काडी लागू नये म्हणून, आणि त्या दुसऱ्या फेऱ्याचे पैसे घेतले नाहीत. पळसाची पत्रावळ तिला रोज ताजी लागते. वाळका भोपळा कोरून केलेला छोटा तुंबाही आहे. माडिया माणसं अशाच तुंब्यातून पेज घेऊन रानात जातात. नात तो खांद्याला अडकवते आणि अंगणाच्या टोकाला पेरूच्या झाडाखाली "रानात" जाऊन बसते. तिथे पितेसुद्धा, घटाघटा आवाज करत.

परवा आम्ही तिला कमलापूरला हत्ती दाखवायला नेलं. माहुताने भाताचा गोळा हत्तीच्या तोंडात दिला ते तिने डोळे मोठे करून पाहिलं. घरी आल्यावर तिने चुलीवरचा वाटीएवढा गंज उतरवला, बाजूला ठेवला, न्हाणीत गेली आणि कपडे धुवायची बादली दोन्ही हातांनी ओढत ओसरीवर आणली. तीन विटांवर ती काही बसेना. मग तिने आजोबांना हाक मारली, आणखी विटा आणायला.