नेक्सॉन की ब्रेझा? पहिली चारचाकी घेताना

आपल्या समाजात चारचाकी ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. धाराशिव, कळंब, उमरगा, परंडा या भागांत शिक्षक, परिचारिका, एस.टी.तील कर्मचारी, बँकेतील कारकून अशांच्या दारात गाडी उभी दिसते. बहुतेक घरांत ती त्या घराण्यातली पहिलीच गाडी असते. चार मीटरच्या आतली, उंच बांधणीची गाडी हवी असे ठरले की प्रश्न बहुधा दोन नावांवर येऊन थांबतो : टाटांची नेक्सॉन घ्यावी की मारुतीची ब्रेझा? दोन्ही दिसायला दणकट, दोन्हींची लांबी ३९९५ मिलिमीटर, दोन्ही पाच जणांच्या. मग घरात दोन तट पडतात आणि निर्णय शेवटी शेजाऱ्याने काय घेतले यावर होतो. तसे होऊ नये म्हणून हा लेख.

गाडी हा आपल्याकडे केवळ सोयीचा विषय नाही, हे आधी सांगितले पाहिजे. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरले, तेव्हा जात कळताच एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घ्यायला तयार होईना. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एकजण तयार झाला, तोही गाडी मुलांनी हाकावी आणि आपण पायी चालावे या अटीवर. पुढे १९२९ साली चाळीसगावला बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांना टांगेवाल्यांनी नेण्यास नकार दिला. पाहुण्याला पायी नेणे बरे दिसणार नाही म्हणून वस्तीतल्या बांधवांनी टांगा भाड्याने घेतला आणि ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्यातल्याच एकाला हाकायला बसवले. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडावर आदळले, पायाचे हाड मोडले. आपला मान राखण्याच्या भरात बांधवांनी आपला जीवच धोक्यात घातला, असे त्यांनी पुढे आठवणींत नमूद केले आहे. आपल्याच जिल्ह्यात कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद भरली, तेव्हा मात्र त्याच बाबासाहेबांची बैलगाडीतून मिरवणूक निघाली.

म्हणून दारात गाडी आली की म्हातारी माणसे डोळे पुसतात, त्यात आश्चर्य नाही. परंतु चाळीसगावचा टांगाही विसरता येत नाही. गाडी निवडताना मान आणि सुरक्षितता यांपैकी एकच पाहायची वेळ आली, तर आधी सुरक्षितता पाहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्या कसोटीवर नेक्सॉनचे पारडे जड आहे. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत २०१८ साली पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय बनावटीची गाडी. पुढे कडक झालेल्या नियमांनुसार २०२४ मध्येही तिने पाच तारे राखले, आणि आपल्या देशाच्या भारत एनकॅपमध्येही पाच मिळवले. त्या वेळच्या विटारा ब्रेझाला २०१८ मध्ये चार तारे मिळाले होते. २०२२ मध्ये ब्रेझा नव्या रूपात आली. जुन्या गाडीचे तारे नव्या गाडीला लावता येत नाहीत, म्हणून नव्या ब्रेझाबाबत विक्रेत्याने काहीही सांगितले तरी भारत एनकॅपचा निकाल दाखवा म्हणावे. सहा एअरबॅगा आता दोन्ही गाड्यांच्या स्वस्तातल्या मॉडेलपासूनच मिळतात.

तरीही ताऱ्यांवर विसंबून राहू नये. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री गेले, ते महागड्या आणि भक्कम गाडीत. मागच्या सीटवर बसले होते, पट्टा लावलेला नव्हता. आपल्याकडे मागे पट्टा लावणे म्हणजे भित्रेपणा समजतात, आणि जयंतीला निघताना पाचच्या गाडीत आठ बसतात. उसाच्या हंगामात रात्री दिव्याविना ट्रॉल्या जाणाऱ्या आपल्या रस्त्यांवर हे परवडणारे नाही.

आता किमतीचे बघू. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. पेट्रोलची गाडी चार मीटरच्या आत आणि इंजिन १२०० सीसीच्या आत असेल, तर कर १८ टक्के. पूर्वी तो उपकरासह २९ होता. नेक्सॉनचे इंजिन ११९९ सीसीचे, म्हणून ती या सवलतीत बसली. ब्रेझाचे १४६२ सीसीचे, म्हणून लांबी तेवढीच असूनही तिच्यावर ४० टक्के, पूर्वी ४५ होते. त्या वेळी शोरूमची सुरुवातीची किंमत नेक्सॉनची ७ लाख ३२ हजारांच्या, तर ब्रेझाची ८ लाख २६ हजारांच्या आसपास होती. आजचा भाव विचारूनच घ्यावा. त्यावर रोड टॅक्स आहेच : महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३, सीएनजीला दोन्हींपेक्षा कमी.

मग ब्रेझा कोणी घ्यावी? तिचे इंजिन चार सिलिंडरचे, टर्बो नसलेले, साधे आणि गुळगुळीत चालणारे. नेक्सॉनचे तीन सिलिंडरचे, टर्बोचे, ताकद जास्त पण आवाज थोडा अधिक. ज्यांना वेग नको, फार यंत्रे नकोत, आणि मारुतीचे सर्व्हिस सेंटर ज्यांच्या गावाला जवळ आहे, त्यांना ब्रेझा घेतल्याचा पश्चात्ताप होणार नाही. डिकी नेक्सॉनची मोठी, ३८२ लिटर विरुद्ध ३२८. सीएनजी घेणार असाल तर फरक आणखी वाढतो, कारण २०२३ मध्ये आलेल्या ब्रेझा सीएनजीत टाकी डिकीत बसते, तर नेक्सॉनमध्ये दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली आहेत. सहा डिसेंबरला मुंबईला अंथरूण-पांघरूण घेऊन जाणाऱ्यांना हे लगेच कळेल. डिझेल फक्त नेक्सॉनमध्ये मिळते. मायलेजच्या आकड्यांवर भांडू नये, ते प्रयोगशाळेतले असतात.

घरातल्या कर्त्या बाईने मात्र एक हिशोब स्वतः मांडावा. आठ लाखांचे कर्ज, व्याज ९ टक्के धरले, तर सात वर्षांसाठी महिना सुमारे १२,८७० रुपये हप्ता आणि एकूण व्याज २ लाख ८१ हजार. पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे १६,६०० आणि व्याज १ लाख ९६ हजार. म्हणजे हप्ता हलका करण्याची किंमत ८५ हजार. मुलगी पुण्याला किंवा संभाजीनगरला शिकत असेल, तर एवढ्यात तिच्या खोलीचे आणि मेसचे कितीतरी महिने निघतात. सनरूफसाठी वरचे मॉडेल घ्यायचे की नाही, याचे उत्तर या आकड्यात आहे. दोन वर्षे थांबून आगाऊ रक्कम वाढवली तरी कोणी कमी लेखणार नाही.

गाडी पत्नीच्या वा आईच्या नावावर घेणे चांगलेच, पण मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा वैध लायसन्स असलेल्या मालकालाच लागू होतो. तेव्हा आधी तिला गाडी शिकवा, लायसन्स काढा, मग नाव लावा.

शोरूममध्ये नारळ आणि लिंबू पुढे केले तर नम्रपणे नको म्हणावे. त्रिशरण-पंचशील म्हणावे, त्यातले पाचवे शील चालवणाऱ्याने जरा मोठ्याने म्हणावे. मागच्या काचेवर बाबासाहेबांचा मोठा फोटो लावण्याचा मोह होतो, पण त्याने आरशातून मागचे दिसेनासे होते. तो फोटो घरातल्या भिंतीवर शोभतो.

ट्रायल घेताना एकट्याने जाऊ नये. मागे आजीला बसवावे, चढता-उतरता गुडघ्याला त्रास होतो का ते पाहावे, पाचही सीट भरून एखादा घाट चढवावा. जमिनीपासून नेक्सॉन २०८ तर ब्रेझा १९८ मिलिमीटर उंच आहे, हे कागदावर वाचण्यापेक्षा आपल्या वस्तीच्या रस्त्यावरचा खड्डा ओलांडून बघावे. आणि त्याच दिवशी सही करू नये, भाव उद्याही तोच असतो.