‘असते तर’चे इंग्रजी

चिंचोटीला, अहमदाबाद महामार्गापासून थोडे आत असलेल्या एका चाळीत आम्ही दहावीतल्या एका मुलीची वही पाहिली. तिची आई कामण रस्त्यावरच्या एका गाळ्यात पॅकिंगला जाते. वहीत लिहिले होते, ‘आय विश माय फादर इज अलाइव्ह.’ शिक्षकांनी ‘इज’वर लाल रेघ मारली होती, कारण मात्र दिले नव्हते. मुलगी म्हणाली, “काका, बाबा नाहीत ही गोष्ट आजची आहे. मग ‘इज’ का चुकले?”

प्रश्न रास्त होता. उत्तर तिच्या आईनेच दिले, तेही नकळत. भाकरी थापता थापता ती बोलून गेली, “आज हिचे बाबा असते तर...” आणि गप्प झाली. आम्ही मुलीला म्हटले, आई ‘आहेत तर’ म्हणाली का? नाही. गोष्ट आजचीच, पण शब्द ‘असते’. जे खरे नाही ते सांगताना मराठी क्रियापदाचे रूप बदलते. इंग्रजीही तेच करते, पण त्यासाठी भूतकाळाचे रूप उसने घेते. ‘आय विश माय फादर वेअर अलाइव्ह.’ इथे काळ मागे गेलेला नाही, वाक्य खऱ्यापासून दूर गेले आहे. बोलताना ‘वॉज’ही चालते, परीक्षेत ‘वेअर’ लिहिलेले बरे.

आता घडून गेलेल्या गोष्टीची रुखरुख. चिंचोटीचा धबधबा सर्वांना ठाऊक आहे. पावसाळ्यात तिथे बुडून तरुण पोरे गेली आहेत, म्हणून तिथे जाण्यास मनाई करावी लागते. ज्या मित्रांचा सोबती परत आला नाही, ते म्हणणार, ‘आम्ही गेलो नसतो तर!’ इंग्रजीत इथे आणखी एक पायरी मागे जावे लागते, म्हणजे ‘हॅड’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप. ‘आय विश वी हॅड नॉट गॉन.’ तळमळ जास्त असेल तर ‘इफ ओन्ली वी हॅड नॉट गॉन.’ आणि ‘ऐकायला हवे होते’ म्हणायचे तर ‘वी शुड हॅव लिसन्ड.’

‘होप’ आणि ‘विश’ यांची गल्लत आपली मुले हमखास करतात. निकाल लागायचा असेल तोवर ‘आय होप आय पास.’ नापास झाल्यावर ‘आय विश आय हॅड पास्ड.’ दुसऱ्याची सवय सुटावी असे वाटले तर ‘वुड’ येते. ‘आय विश ही वुड स्टॉप ड्रिंकिंग.’ (हे वाक्य आपल्या वस्त्यांतल्या किती भगिनींना व्याकरणावाचून पाठ आहे!) स्वतःविषयी मात्र ‘वुड’ नाही, ‘कुड’. ‘आय विश आय कुड स्पीक इंग्लिश.’

मुलीने आणखी एक वाक्य मागितले. बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले, पर्शियन घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या कष्टाने संस्कृतचा अभ्यास केला. आम्ही लिहून दिले, ‘बाबासाहेब विश्ड ही हॅड बीन अलाउड टू लर्न संस्कृत ॲट स्कूल.’ मागे ‘विश्ड’ आले तरी ‘हॅड’ तसेच राहते, तिथेही पुष्कळांचा घोटाळा होतो.

महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्याआधीच्या आम्हा लोकांची गाठ इंग्रजीशी पाचवीत पडली आणि ‘विश’पर्यंत पोहोचण्याआधीच अनेकांची शाळा सुटली. या मुलीची आईही त्यांतलीच, सातवीनंतर घरी बसवलेली. वही मिटताना ती म्हणाली, “माझं पण एक लिही की. मी शाळा सोडली नसती तर.”

मुलीने पेन्सिलीने लिहिले, ‘आय विश आय हॅड नॉट लेफ्ट स्कूल.’ आईने हात पुसले, वही जवळ ओढली आणि विचारले, “यातलं ‘नॉट’ कुठलं, ते दाखव.”