अखेरच्या आजारात माजी सैनिक

आजार बरा होण्याची आशा संपली, तरी वेदना, धाप आणि मनाची घालमेल कमी करता येते. हे काम उपशामक उपचारांचे. आयुष्याचे थोडे महिने उरलेल्या रुग्णांना अशी सेवा हॉस्पिसमध्ये किंवा घरीच दिली जाते. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, तिथून ही आधुनिक पद्धत जगभर पसरली. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी तिची स्वतंत्र घडी बसली आहे.

तिथल्या माजी सैनिक विभागाकडे आरोग्यसेवेसाठी नोंदणी झालेल्यांना गरज पडल्यास हॉस्पिस सेवा विनाशुल्क मिळते. ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर योजनेत हॉस्पिस घेताना आजार बरा करण्याचे उपचार सहसा सोडावे लागतात. सैनिक विभागात मात्र केमोथेरपी किंवा रेडिएशन सोबत चालू ठेवता येते. खासगी हॉस्पिसनाही सैनिकांची गरज कळावी म्हणून २०१० मध्ये 'वुई ऑनर व्हेटरन्स' हा उपक्रम सुरू झाला. रुग्ण सैन्यात होता का, केव्हा आणि कुठे होता, हे दाखल करतानाच विचारा, यावर त्याचा भर आहे.

या माहितीवर बरेच काही अवलंबून असते. व्हिएतनाममध्ये १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकेने एजंट ऑरेंजसारखी तणनाशके फवारली. तिथे सेवा केलेल्यांना फुप्फुसाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग, पार्किन्सन्स असे आजार झाले, तर ते सेवेमुळेच झाले असे विभाग गृहीत धरतो. इराक-अफगाणिस्तानात कचरा जाळण्याच्या खड्ड्यांतील धुराचा त्रास झालेल्यांसाठी २०२२ च्या पॅक्ट कायद्याने अशीच सोय केली. अशा आजाराने मृत्यू आला, तर पात्र जोडीदाराला मासिक भत्ता मिळू शकतो. त्यामुळे अर्ज रुग्णाच्या हयातीतच केलेला बरा.

शुश्रूषेतही फरक पडतो. तक्रार करायची नाही, ही शिस्त अंगात मुरलेला सैनिक दुखत असूनही 'ठीक आहे' म्हणतो. म्हणून नर्सला त्याचा चेहरा, श्वास आणि हालचाल पाहून वेदना ओळखावी लागते. शरीर थकले की वर्षानुवर्षे दाबून ठेवलेल्या युद्धाच्या आठवणी उसळतात. भीतिदायक स्वप्ने पडतात, भ्रम होतो. अशा रुग्णाला अचानक हात लावून उठवत नाहीत. थोडे लांब उभे राहून नावाने हाक मारतात. हातपाय बांधल्याने भीती वाढते, तर काही शामक औषधांनी भ्रम. आपल्या हातून कोणी मारले गेले किंवा सोबती गेले आणि आपण वाचलो, ही टोचणी औषधाने जात नाही. तिथे समुपदेशक, धर्मगुरू किंवा दुसरा माजी सैनिक उपयोगी पडतो.

मृत्यूनंतर अनेक ठिकाणी पार्थिवावर राष्ट्रध्वज पांघरतात आणि कर्मचारी दुतर्फा उभे राहून मानवंदना देतात. विभागाच्या रुग्णालयांत मृत्यू झाल्यास पुढे नातेवाइकांना प्रश्नावली पाठवली जाते. वेदना आटोक्यात होत्या का, माहिती वेळेवर मिळाली का, हे त्यांना विचारले जाते. सेवेचा दर्जा ठरवताना ही उत्तरे विचारात घेतली जातात.