पिजदुऱ्याचं शेण

बसा पोट्टेहो, आज शेणाची गोष्ट सांगतो. हसू नका, हे शेण साडेसहा कोटी वर्षांहून जुनं आहे!

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यात पिजदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या लाल चिकणमातीत गोल-लांबट दगड सापडतात. एके काळी ते शेणाचे पो होते. ते पडले, गाळाखाली दबले, क्षारांचं पाणी आत मुरत गेलं आणि त्यांचा दगड झाला. विल्यम बकलंड या इंग्रज भूशास्त्रज्ञानं १८२९ साली अशा दगडांना ‘कोप्रोलाइट’ नाव दिलं. ग्रीक भाषेत कोप्रोस म्हणजे शेण आणि लिथोस म्हणजे दगड. पिजदुऱ्याच्या दगडांवर मॅटली या भूशास्त्रज्ञानं १९३९ मध्ये लिहिलं. तिथंच टायटॅनोसॉर या डायनासोरची हाडं निघाली, म्हणून मोठे पो त्यांचेच असावेत, असं मानतात.

हा टायटॅनोसॉर प्रचंड, लांब मानेचा. पण त्याला दाढा नव्हत्या! ओरबाडायचं आणि गिळायचं. चावायचं काम पोटातल्या सूक्ष्म जीवांवर सोडलेलं. ते पाला आंबवत बसायचे.

सगळं मात्र पचत नाही. धान निंदताना पात हाताला कापते ना? गवत जमिनीतून सिलिका शोषतं आणि पेशीपेशीत तिचे कण साठवतं. वाळूही सिलिकाच. हे कण पोटात विरघळत नाहीत, शेणात कुजत नाहीत आणि प्रत्येक कुळातल्या गवताचा कण वेगळ्या घडणीचा!

वंदना प्रसाद, अशोक साहनी या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिजदुऱ्याचे दगड सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. ताडाच्या नि सूचिपर्णी झाडांच्या खुणांबरोबर त्यांना गवताचे कण दिसले! २००५ साली हे जाहीर झालं, तेव्हा जगभरचे शास्त्रज्ञ चकित झाले. गवतांचा विस्तार डायनासोर गेल्यावर झाला, अशीच तोवर समजूत होती. आणि २०११ मध्ये त्याच दगडांतून कळलं, की त्या गवतांत धानाच्या कुळातलीही होती. शेतातलं धान नव्हे बरं, त्याचे फार जुने भाऊबंद.

मग गवत चावून खाणारं पहिलं कोण? त्या काळी इथं लहानसे सस्तन प्राणी होते, गोंडवानाथेरियन. त्यांच्या दाढा उंच, झिजल्या तरी पुरणाऱ्या. शास्त्रज्ञांचा संशय त्यांच्यावर आहे.